नाते नको, हिशेब हवा

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली कोणी मांडीत नाही. संकेत चांगला आहे आणि तो मोडण्याची मला हौस नाही. परंतु ज्या सणात भाऊ बहिणीकडून ओवाळून घेतो आणि तिच्या तबकात ओवाळणी टाकतो, त्या सणात बहिणींचा विषय निघाला तर त्याला अप्रस्तुत म्हणता येणार नाही. मी ज्या बहिणींविषयी लिहिणार आहे, त्यांना आपण सर्वांनी मिळून बहीण करून घेतले आहे. रुग्णालयात पांढऱ्या पोशाखातली बाई दिसली की ती आपली 'सिस्टर'. खेड्यात औषधांची पिशवी घेऊन दारोदार फिरते ती 'आशाताई'. रोग्याचे भांडे उचलते ती 'मावशी'. डॉक्टर आले की मात्र आपण उठून उभे राहतो आणि 'साहेब' म्हणतो. ज्यांना आपण नाते लावतो त्या बहुतेक बायका असतात आणि पगाराच्या उतरंडीत खालच्या पायऱ्यांवर असतात. हा केवळ योगायोग आहे, असे मला वाटत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने जगाला घेरले, तेव्हा या बायकांच्या मनात काळजीने घर केले. झोप उडाली, छातीत धडधडू लागले, अन्न गोड लागेना. याची पुष्कळ चर्चा झाली. विद्वानांनी प्रश्नावल्या वाटल्या, टक्केवाऱ्या काढल्या, व्याख्याने दिली. निष्कर्ष असा निघाला की या स्त्रियांच्या मनाला उपचारांची गरज आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. त्यांचे मन शाबूत होते. भोवतालची परिस्थिती त्यांनी अचूक ओळखली होती आणि तिचेच नाव काळजी. त्या काळजीला उत्तर देणे आपल्याला परवडणारे नव्हते, म्हणून आपण तिला आजार ठरविले आणि वर नात्याचे गोड बोट लावले.

टक्केवारीची गोष्ट निघालीच आहे, तर ती पाहून घेऊ. साथीच्या आरंभीच चीनमधील ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली. त्यांतल्या ४४.६ टक्के लोकांत चिंतेची लक्षणे आढळली, आणि ती स्त्रियांत, परिचारिकांत आणि प्रत्यक्ष रोग्यांजवळ काम करणाऱ्यांत अधिक तीव्र होती. पुढे देशोदेशींच्या पाहण्यांतून हेच निघाले. यावर आपल्याकडे माना डोलावल्या गेल्या, की बायकांचे मन हळवेच! वास्तविक त्या आकड्यांत दुसरी एक गोष्ट उघड दिसत होती. रोग्याच्या खाटेशी सर्वांत अधिक वेळ कोण उभे असते? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातल्या आरोग्यसेवकांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. परिचारिकांत तर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात जाते. डॉक्टर फेरी मारून जातात, अधिकारी दूरध्वनीवरून विचारपूस करतात, आणि तोंड पुसणे, सुई टोचणे, कूस बदलणे या कामांसाठी परिचारिका वाकून उभी असते. जो आगीच्या जवळ त्याला झळ अधिक. यात हळवेपणाचा संबंध येतो कोठे?

आता त्या काळजीचा एकेक पदर उलगडून पाहू, आणि दूर कशाला, नाशिकचीच उदाहरणे घेऊ. राज्यातील डॉक्टर आणि परिचारिका ज्या विद्यापीठाच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. वैद्यकाची सरस्वती आपल्या गावात नांदते, असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा या गावाने तरी आपल्या परिचारिकांची काळजी समजून घ्यायला हवी होती.

पहिली काळजी स्वतःच्या हातांची. मार्च २०२० च्या अखेरीस निफाड तालुक्यात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. एप्रिलमध्ये मालेगावच्या यंत्रमागांच्या दाट वस्तीत रोगाने ठाण मांडले. त्या पहिल्या आठवड्यांत मुखपट्ट्या आणि अंगभर पोशाख देशभर सर्वत्रच अपुरे होते. पुढे पोशाख आले, ते बहुधा पुरुषी मापाचे. त्यात एकदा शिरले की सहा-सहा तास पाण्याचा घोट नाही आणि मोरीला जाणे नाही. महिन्याच्या चार दिवसांत बाईने काय करावे, हा प्रश्न पोशाख मागविणाऱ्यांच्या टिपणात नव्हता; कारण टिपण लिहिणाऱ्याला तो कधी पडलाच नव्हता. आशाताईंची तर तऱ्हाच न्यारी. गावोगावच्या आशाताई पदर किंवा ओढणी तोंडाला बांधून घरोघर ताप मोजत हिंडल्या. मला बाधा होईल, असे त्यांना वाटले असेल, तर ते भित्रेपणाचे लक्षण म्हणायचे की शहाणपणाचे?

दुसरी काळजी घराची. डॉक्टरसाहेब घरी परतले की पाणी तापवून ठेवलेले असे आणि ताट वाढलेले असे. परिचारिका घरी परते तेव्हा पाणी तिलाच तापवायचे असे. ती दाराबाहेर चपला काढी, मोरीत कपडे भिजवी, आंघोळ करी आणि ओल्या केसांनी ओट्याशी उभी राही. म्हाताऱ्या सासूबाईंपासून चार हात दूर राहायचे, पण त्यांची औषधे द्यायची. तान्ह्याला जवळ घ्यायचे नाही, पण त्याचे रडणे ऐकायचे. घरात मोबाईल एक आणि त्यावर शाळा भरणारी मुले दोन. नवऱ्याने 'सोडून दे ती नोकरी' म्हणायचे आणि महिनाअखेर तिच्याच पगारातून घराचा हप्ता भरायचा. बाहेरची पाळी संपली की घरची पाळी सुरू होई आणि घरच्या पाळीला सुट्टीचा वार नसे. रोग आपल्या हातून घरात शिरेल, या भीतीला वैद्यकाच्या पुस्तकात काही का नाव असेना, बायका तिला जबाबदारी म्हणतात.

तिसरी काळजी माणसांची. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपण गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावले. ३ मे रोजी वायुदलाच्या विमानांनी रुग्णालयांवर फुले उधळली. आणि याच दिवसांत देशातल्या अनेक शहरांत घरमालक परिचारिकांना आणि डॉक्टरांना खोल्या रिकाम्या करायला सांगत होते. पिंप आणि नळ वेगळा करा, जिना वापरू नका, लिफ्टला हात लावू नका, असे सोसायट्यांचे फतवे निघत होते. थाळी वाजविणारा हात आणि दाराला कडी घालणारा हात पुष्कळ ठिकाणी एकच होता. आरोग्यसेवकांवरील हल्ले इतके वाढले की १८९७ सालच्या, प्लेगच्या वेळच्या साथरोग कायद्यात २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून दुरुस्ती करावी लागली आणि मारहाण करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. ज्यांच्यावर आपण फुले उधळली, त्यांना आपल्याच हातून वाचविण्यासाठी हा कायदा होता.

कायदा झाला म्हणून भय गेले नाही. २०२१ चा उन्हाळा नाशिककर विसरणार नाहीत. बाजारात तासभर शिरायलाही ५ रुपयांची पावती फाडावी लागे. २१ एप्रिलला कथडा भागातील महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, रोग्यांना होणारा पुरवठा खंडित झाला, आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण गेले. त्या वेळी त्या दालनांत परिचारिका होत्या. ज्या रोग्याला सकाळी पेज भरविली त्याच्या नाकावरची नळी दुपारी नुसती नळी उरावी आणि आपल्या हाती काही नसावे, याहून भयंकर गोष्ट या व्यवसायात दुसरी नसेल. गळतीशी परिचारिकेचा काय संबंध? पण आक्रोश करणाऱ्या नातेवाइकांसमोर उभे राहायचे ते तिनेच. पुढच्याच महिन्यात नाशिकरोडच्या नव्या बिटको रुग्णालयात एका इसमाने काचेचे दार फोडून मोटार थेट आत घातली. रात्रपाळीला निघालेल्या बाईला यानंतर धडधडले असेल, तर तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचे की रुग्णालयाच्या दाराशी पहारा वाढवायचा?

चौथी काळजी उद्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत खोल आहे. साथ आली तेव्हा ठिकठिकाणी तीन-तीन महिन्यांच्या मानधनावर परिचारिका नेमल्या गेल्या. जिवाची जोखीम कायम आणि नोकरी हंगामी! रोग ओसरला की करार ओसरले. द्राक्षाच्या तोडणीला मजूर आणावेत आणि हंगाम सरला की गाडीत बसवून द्यावेत, तशातली ही गत. सरकारने ५० लाखांचा विमा जाहीर केला, तो मेल्यानंतरचा. आजारात बुडालेला पगार, महिनोन्महिने न जाणारा थकवा आणि नवऱ्याच्या औषधाचे बिल यांना त्यात जागा नव्हती. आणि मेलेल्यांची मोजदाद तरी? सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत विचारणा झाली, तेव्हा आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने मृत आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ डॉक्टरांची यादी पुढे केली, हे योग्यच झाले. आयाबाईंच्या आणि पाड्यापाड्यांवरच्या आशाताईंच्या नावांची तशी यादी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचल्याचे कोणाला आठवते का? आपण मेलो तर आपली गणतीही होणार नाही, हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिची झोप उडाल्याबद्दल आश्चर्य कसले करायचे?

या चारही काळज्यांवर आपण कोणता उपाय केला? समुपदेशन, प्राणायाम, हसत राहा, सकारात्मक राहा. समुपदेशनाची मी थट्टा करीत नाही. मन खरोखर ढासळले असेल तर तज्ज्ञाचा आधार हवाच, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. पण छप्पर गळत असताना घरातल्या माणसाला सर्दीचे औषध देत बसणे आणि शिडी न आणणे, हा कोठला न्याय? जिला नीट मुखपट्टी, रात्रीची गाडी, दाराला कडी असलेली विश्रांतीची खोली आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, तिची अर्धी काळजी डॉक्टरांवाचून बरी होते.

हे आपल्याला कळत नाही असे नाही. कळते, पण मध्ये ते नाते येते. नाते लावण्यात एक मोठी सोय आहे. पगार हा हक्क असतो आणि तो तारखेला द्यावा लागतो; नात्यात जे देतो ती भेट ठरते, ती केव्हा आणि किती द्यायची हे देणारा ठरवितो, आणि घेणारीने वर हसायचे असते. आशा योजना २००५ साली सुरू झाली तीच मुळी 'स्वयंसेविका' या शब्दावर. स्वयंसेविका म्हटले की वेतन आले नाही. कामागणिक मोबदला आला. साथीच्या कामासाठी केंद्राने त्यांना दिले महिन्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ३३. यात धड दोन वेळचा चहा व्हायचा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. कुटुंब तुमचे आणि जबाबदारीही तुमची. दारोदार हिंडली मात्र आशाताई. अखेर १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे ७०,००० आशा आणि त्यांच्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. तेव्हा कोठे १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. अंगणवाडीच्या सेविका साथीत अशाच राबल्या. त्यांना सरकार दिवाळीला २,००० रुपये देते, त्याचे नाव 'भाऊबीज भेट'! शब्द किती गोड आहे पाहा. कारखान्यातल्या कामगाराला बोनस मिळतो, तो त्याने भांडून मिळविलेला हक्क असतो. सेविकेला ओवाळणी मिळते. बहीण भावाशी ओवाळणीच्या रकमेवरून भांडली तर लोभी कोण ठरते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे.

नाते पुरेनासे झाले की आपण पुढची पायरी गाठतो आणि देव्हारा मांडतो. २०२० हे वर्ष जगभर परिचारिकांचे वर्ष म्हणून पाळले गेले, कारण फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला त्या वर्षी २०० वर्षे झाली. भाषणाभाषणांतून दिवा घेतलेली ती देवी आली. पण या बाईच्या हातात दिव्याइतकीच हिशेबाची वही होती, हे किती वक्त्यांनी सांगितले? क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगांनी अधिक मेले, हे तिने आकड्यांचे तक्ते आणि आकृत्या काढून युद्धखात्याच्या तोंडावर मारले. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाची सभासद झालेली ती पहिली स्त्री. आपण तिचा दिवा ठेवला आणि वही फेकून दिली, कारण दिव्याची आरती होते आणि वहीला उत्तर द्यावे लागते. आपल्या सावित्रीबाई फुले यांचेही तेच झाले. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि तेथे माणसे पोहोचविण्याचे काम सावित्रीबाई जातीने करीत. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि रोग्याला खांदा देणाऱ्या आजच्या बाईला हंगामी करार देतो.

यावर काही आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

कोणी म्हणेल, सैनिकही सीमेवर मरतो. या बाईंनी पेशा पत्करला तेव्हा जोखीम पत्करली. मान्य. मग तिला सैनिकासारखेच वागवा. सैनिकाचे नाव पटावर असते, त्याच्या हाती शस्त्र असते, त्याला निवृत्तिवेतन असते, आणि तो पडला तर त्याची नोंद होते. युद्ध संपल्याबरोबर त्याचा तीन महिन्यांचा करार संपत नाही. 'योद्धा' म्हणायचे आणि योद्ध्याचे काहीच द्यायचे नाही, ही कोठली रीत?

कोणी म्हणेल, भीती सर्वांनाच होती. होतीच. पण आपण भ्यालो तेव्हा दार लावून घरात बसलो. त्या भ्याल्या आणि दार उघडून कामाला गेल्या. दोन्हींना एकच शब्द वापरणे हा शब्दाचा दोष आहे.

आणि कोणी म्हणेल, झाले ते झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे सांगितले; आता दिवाळीत जुने कशाला उकरता? याचे उत्तर असे, की ते जुने झालेलेच नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा जिनीव्हात सन्मान केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर होत्या, कारण परिचारिकांची पदे कंत्राटदारामार्फत भरण्याचा घाट घातला गेला होता. साथ सरली, वृत्ती सरली नाही. शिवाय साथीचे काही सांगून येत नाही. १८९७ चा प्लेग, १९१८ चा तापज्वर, २०२० चा करोना; चौथीचे नाव आणि साल मात्र कोणी सांगू शकत नाही.

नाशिकपुरते बोलायचे तर परीक्षा फार लांब नाही. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी लाखो माणसे लोटतील. घाट, रस्ते, पूल यांची अंदाजपत्रके कोटींच्या भाषेत बोलली जातात आणि आपण ती कौतुकाने वाचतो. त्या अंदाजपत्रकात अधिपरिचारिकांच्या कायम पदांचा रकाना कोठे आहे, हे कोणी विचारले आहे का? मेळ्याच्या गर्दीत ताप, हगवण, चेंगराचेंगरी यांना तोंड द्यायला पुन्हा त्याच बायका उभ्या राहणार आहेत. त्यांना पुन्हा तीन महिन्यांच्या मानधनावर बोलावणार काय?

म्हणून मागणे थोडके आणि उघड आहे. जे काम कायमचे, त्याची जागा कायमची करा. आशाताईला स्वयंसेविका म्हणणे सोडा आणि तिला दरमहा ठरलेले वेतन द्या. साथ येण्याच्या आधी मुखपट्ट्या आणि पोशाख भांडारात असू द्या, आणि ते बायकांच्या मापाचे असू द्या. रात्रपाळीला गाडी द्या आणि विश्रांतीला कडीची खोली द्या. सेवेत मरण पावलेल्या प्रत्येकीची नोंद ठेवा, मग ती डॉक्टर असो की झाडूवाली. आणि या मागण्यांतली एक सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. घरातल्या परिचारिकेची पाळी संपते तेव्हा तिची घरची पाळी आपण वाटून घ्यावी. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही, बंबात पाणी घालायला उठावे लागते.

यंदाच्या भाऊबिजेला बहिणीच्या तबकात काय टाकायचे, ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि प्रेमावर अवलंबून आहे. त्यात मी काय सांगणार? पण ज्या बहिणी आपण रुग्णालयात आणि पाड्यावर करून ठेवल्या आहेत, त्यांचे आपण देणे लागतो, आणि देणे भेट म्हणून देता येत नाही. मते मागायला जो कोणी आपल्या दारी येईल, त्याला फराळ जरूर द्यावा. आणि तो लाडू खात असताना आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात किती परिचारिका कायम आहेत, किती कंत्राटी आहेत, आणि गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर येईपर्यंत दुसरा लाडू वाढू नये.